रागिणीच्या नावाचं पान

अंबाडीची जुडी अर्धी निवडून झाली होती. पानं परातीत, देठं वर्तमानपत्रावर, आणि पौर्णिमाच्या बोटांना तो आंबटसर हिरवा वास. तेवढ्यात बँकेतून सुगत तायडेंचा फोन आला. आचलच्या शिक्षणकर्जाचं काम त्यांच्याकडे होतं.

"ताई, जरा येऊन जाता का? फोनवर सांगण्यासारखं नाही."

पौर्णिमानं पदराला हात पुसले, परातीवर ताट झाकलं आणि डाबकी रोडवरून रिक्षा केली. वाटेत तिनं मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. आचलला अमरावतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. कॉलेजनं फीसाठी दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. किशोर जिल्हा परिषदेत कारकून. त्याच्या पगारातून घराचा हप्ता जात होता, म्हणून पोरीसोबत कर्जावर आईचं नाव घालायचं ठरलं होतं. पौर्णिमानं उभ्या जन्मात कुणाकडून उधार घेतलेलं नव्हतं. सगळेच म्हणाले होते, हिच्या नावात काय अडचण येणार!

सुगत तायडेंनी आधी तिला पाणी दिलं. मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"हा तुमचा पतअहवाल. लोक सिबिल म्हणतात तो. तुमच्या पॅनवर चार वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीचं कर्ज दिसतं. दोन वर्षांपूर्वी ते बंद झालं."

"मी नाई काढलं कोणतं कर्ज."

"तेच म्हणतो. आणि ते फेडून बंद नाही झालं, ताई." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "इथं शेरा आहे. कर्जदार मृत. विम्यातून वसूल."

पौर्णिमाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिनं चष्मा पुसला. पडद्यावर तिची जन्मतारीख होती, तिचा पॅन नंबर होता. नावाच्या रकान्यात दोन नावं होती. दुसरं तिचं, आजचं: पौर्णिमा किशोर गावंडे. आणि त्याच्या वर, आधी आलेलं: रागिणी नत्थुजी अढाऊ.

त्या जुन्या पॅनकार्डाशिवाय हे पूर्ण नाव तिनं कितीतरी वर्षांत कुठं लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

लग्नात किशोरच्या आत्यानं ताटात तांदूळ पसरले होते. त्यात किशोरनं अंगठीनं नवं नाव काढलं, पेढे वाटले, आणि हिवरखेडची रागिणी अकोल्याची पौर्णिमा झाली. लग्नाआधी ती अमरावतीला एका बालवाडीत शिकवत असे, तेव्हा पगारासाठी पॅनकार्ड काढलेलं होतं. ते माहेरीच राहून गेलं. आता आचलच्या कर्जासाठी तिनं ते भावाकडून मागवलं आणि त्यावरचं नाव बदलून घेतलं. नाव बदलतं, नंबर तोच राहतो, हे तिला सेवा केंद्रावरच्या पोरानं सांगितलं होतं.

"आता तुम्ही समोर बसल्या आहात म्हणून मला कळतं," सुगत म्हणाले. "पण बँकेच्या यंत्राला काय दिसते? मेलेल्या बाईला कर्ज देता येत नाही."

"मंग हे दुरुस्त कसं होते?"

"होते. कायदाच आहे, दोन हजार पाचचा, पतमाहिती कंपन्यांचा. वर्षातून एकदा हा पूर्ण अहवाल फुकट पाहायचा तुमचा हक्क. चूक असली तर तक्रार टाकायची. तीस दिवसांत त्यांनी ती निस्तरायची. नाही निस्तरली तर पुढच्या दर दिवसाचे शंभर रुपये तुम्हाला भरपाई. एवढं सोपं आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अवघड पुढचं आहे. ती कंपनी विचारेल, आमच्याकडं मृत्यूचा दाखला आहे. तुम्ही जिवंत, तर मेलं कोण? एक तर ज्यानं कागद दिले त्यानं तसं लिहून द्यावं, नाही तर पोलीस तक्रारीची प्रत लागेल. दुसऱ्याच्या ओळखीवर व्यवहार केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. कागद कोणी दिले असतील, काही अंदाज?"

"नाई," पौर्णिमा म्हणाली.

अहवालाची प्रत घेऊन ती घरी आली. किशोर जेवायला आला होता. त्यानं कागद वाचला आणि हसू आवरेना त्याला.

"म्हणजे मी दोन वर्षांपासून विधुर हाओ अन मलेच पत्ता नाई! एखादी पाहून ठेवली असती ना वं."

"जीभ आवरा. पितृपक्ष चालू हाये."

"अवं, हसू नको तं का रडू? पाह्य ना, पत्ता हिवरखेडचा हाये. मोबाइल नंबर बी देल्ला हाये. लाव फोन, विचार तुह्या भुताले."

तो हात धुवायला उठला. पौर्णिमानं कागदावरचा नंबर एकेक आकडा पाहत फोनमध्ये टाकला. शेवटचा आकडा पडला आणि नंबराच्या जागी नाव आलं. तिच्याच फोनमध्ये, तिनंच कधीतरी घातलेलं.

रागिणी श्रावण.

दचकून बोट लागलं, रिंग गेली; तिनं ती तोडून फोन ओट्यावर पालथा ठेवला, तापलेल्या तव्याला हात लागावा तसा.

श्रावण तिचा धाकटा भाऊ. हिवरखेडला मंडप आणि लाउडस्पीकरचा त्याचा धंदा. त्याची बायको नांदगाव खंडेश्वरची, लग्नाआधीची कौशल्या. पण कौशल्या हे घरातल्या थोरल्या आजीचं नाव. थोरल्या आजीचं नाव घेऊन सुनेला हाक कशी मारायची, भांड्यावरून ओरडायचं कसं? नाव बदलायचं ठरलं, तेव्हा पौर्णिमाची आई माणिकबाई चटकन म्हणाली होती, "रागिणी ठेवा. माही रागिणी गेली, तिची जागा भरली म्हणीन." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पौर्णिमाच्याही आलं होतं. माय आपल्याला किती जपते, असंच तिला तेव्हा वाटलं.

पण त्यानंतर माहेरच्या अंगणात पाय ठेवला की तिला तिच्या नावानं कुणी हाक मारेना. "अकोलेवाली आली," म्हणायचे. "रागिणी, पाणी आण," असं आतून कानावर आलं की ती उठायला जायची, आणि दुसरीच कुणी तांब्या घेऊन यायची. भावजय धाकटी, तिला नावानंच हाक मारायला हवी. पौर्णिमाच्या तोंडून ते नाव निघत नसे. ती "अवं ऐक," एवढ्यावर भागवायची. बिचारी स्वभावानं गरीब होती. नणंदेला निघताना गाडीपर्यंत पोचवायला यायची, हातात कधी ज्वारीच्या लाह्या, कधी मोहरीची पुडी. दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तिच्या तेराव्याला दारात उभ्या बाया म्हणत होत्या, "रागिणी गेली वं, सोन्यासारखी रागिणी." त्या वेळी अंगावर काटा आला होता. कोणाला सांगणार?

ओट्यावर फोन वाजला. तिनं उलटा केला. पडद्यावर तेच नाव.

पौर्णिमानं देवघराकडे पाहिलं, मग फोन कानाला लावला. पलीकडे कुणी बोलेना. फक्त श्वास.

"कोण?" ती कशीबशी म्हणाली.

"मी वं, माय." माणिकबाईचा आवाज. "तुहाच मिस कॉल दिसला. श्रावणनं मले रागिणीचा फोन देल्ला, त्याच्या फोनवर गिऱ्हाइकं येतात म्हणे. बरं झालं तूच आठवण केली. परवा अविधवा नवमी हाये. सवाष्ण मेली तिचं पान हाये. यंदा बाहेरची सवाष्ण नाई बोलवत. तूच ये. रागिणीच्या नावानं तूच जेवायले बस."

पौर्णिमा "येतो" म्हणाली.

संध्याकाळी तिनं दिवा लावला. दोन्ही हात जोडून प्रार्थनेला बसली. लहानपणी बापाचं बोट धरून गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात शिकलेली प्रार्थना. एवढ्या वर्षांत तिचा एक शब्द कधी चुकला नव्हता. आज मधेच अडकली. प्रार्थना करणारी कोण, असं मनात आलं. ही प्रार्थना शिकली होती ती रागिणी. आज म्हणत होती ती पौर्णिमा. आणि रागिणी तर कागदोपत्री वारली. देवाला कळत असेल, ती पुटपुटली, देवाला सिबिल लागत नाही.

नवमीला ती अकोटवरून गाडी बदलून हिवरखेडला पोचली. उन्हाचा नुसता फुपाटा. दारात श्रावणचे दोन मोठे स्पीकर उभे होते, कापडानं झाकलेले. तिला कळलं, कर्ज कशाचं होतं ते. अंगणात कुणी नव्हतं. घरातून वड्यांचा आणि खिरीचा वास येत होता. ती पायऱ्यांशी वाकून चपला काढत होती, तोच वरून, गच्चीवरून, हाक आली.

"रागिणी... ये वं माय, ये."

"ओ! आली," पौर्णिमा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. लहानपणापासून त्या आवाजाला ती अशीच ओ देत आली होती. वर भांडं पडल्याचा आवाज झाला. माणिकबाई गच्चीच्या काठाशी आली. चेहरा पांढराफटक. हातातला पाण्याचा तांब्या खाली पडला होता.

"काहून ओ देल्ली?" ती वरूनच ओरडली. "मी घास ठेवून राहिली तिच्यासाठी! काहून ओ देल्ली वं तू?"

पौर्णिमा जिना चढून वर गेली. केळीच्या पानावर भात, वडे, आळूची भाजी, कढी. भोवती पाणी फिरवलेलं. समोरच्या कडुनिंबावर दोन कावळे बसलेले, पण पानाकडे पाहतही नव्हते.

"मागल्या साली बी शिवला नाई," माणिकबाई खालच्या आवाजात म्हणाली. "भटजी म्हणे, तिचं कायतरी राह्यलं. का राह्यलं असंन? मी तं काई कमी नाई केलं तिले."

पौर्णिमा पानासमोर उकिडवी बसली. तिच्याही नकळत ती म्हणाली, "कौशल्या, ये. जेवून जा."

"ये! ते नाव घेऊ नको!" माणिकबाईनं कपाळावर हात मारला. "माह्या सासूचं नाव हाये ते."

एक कावळा उडाला, कठड्यावर येऊन बसला. मान वाकडी करून पाहत राहिला. पुढं आला नाही, गेलाही नाही. दोघी खाली उतरल्या. नंतर वर गेल्या तेव्हा पान पुसल्यासारखं रिकामं होतं. कोणी खाल्लं ते कोणी पाहिलं नाही.

श्रावण ओसरीवर मोबाइल पाहत बसला होता. त्याच्या मागं भिंतीवर भावजयीचा हार घातलेला फोटो, खाली ठसठशीत अक्षरं: कै. सौ. रागिणी. पौर्णिमानं अहवालाचा कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं पाहिला आणि लगेच घडी घातली. नवल नाही, राग नाही. म्हणजे त्याला ठाऊकच होतं.

"बाई, माह्यं सिबिल खराब होतं," तो म्हणाला. "तिच्या कागदांवर कौशल्या, इकडं रागिणी, कुठंच जुळेना. पेटीत तुह्यं कार्ड पडेल होतं. नाव बी तेच, अढाऊ बी तेच. फोटोत कोण, तेबी ओळखू येत नव्हतं. आमाले वाटलं, ते तं आता रिकामंच हाये."

"रिकामं?"

"मंग? तू तं पौर्णिमा झाली. हे नाव इथंच ठेवून गेल्ली." त्यानं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की तिला रागसुद्धा आला नाही. जुना पाट, जुनी चादर वापरावी, तसं वापरलं होतं त्यांनी तिला.

"अन तिच्या मृत्यूचा दाखला तूच देल्ला, कंपनीले?"

"ती मेली नव्हती का? दाखला खोटा होता का? कर्जाले विमा होता, सुटलं. बस."

"तिच्यासंगं मलेबी मारून टाकलं तू. श्रावण, आचलची फी अडून राहिली. तू एवढं लिहून दे, की कार्ड माह्या बहिणीचं होतं, मरणारी माही बायको होती. दुसरं काई नाई मागत."

तो उठला. "लिहून देऊ? म्हणजे ते कर्ज परत उभं. वरून फसवणुकीची केस. तुह्या पोरीच्या शाळेसाठी मी जेलात बसू? दाजीले सांग ना, एक प्लॉट विका म्हणा."

"मंग मले पोलिसात जा लागंन."

कढीचं पातेलं घेऊन येणारी माणिकबाई दारातच थांबली. "कोणाच्या नावानं? भावाच्या?" ती म्हणाली. "एक जीव गेला या घरातून. दुसरा आता तू धाडतं?"

"माय, मी जित्ती हाओ. कागदावर मी मेली, म्हणून माह्या पोरीचं अडलं."

"जित्ती हायेस हे कोण नाई म्हणते? वीस वर्षं कागदानं तुह्यं काई अडलं नाई. अन आता..." तिनं पातेलं खाली ठेवलं, डोळे पुसले आणि एकदम आवाज मऊ केला. "चाल, आधी जेवून घे. उन्हाची आली. मंग पाहू."

फोटोसमोर पाट मांडला होता. रांगोळी, केळीचं पान, बाजूला तिच्यासाठी हिरवं लुगडं, नारळ, बांगड्या. माणिकबाईनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हात जोडले. लेकीला नव्हे, पाटावर बसलेल्या मेलेल्या सुनेला.

"रागिणी," ती म्हणाली, "पोटभर जेव माय. काई राह्यलं असंन तं माफ कर."

पौर्णिमानं पहिला घास उचलला. समोर काचेत भावजयीचा चेहरा होता, आणि त्याच काचेत तिचा स्वतःचा, कुंकू लावलेला. दोघींच्या खाली एकच नाव. घास तोंडापर्यंत गेला आणि थांबला. तिला एकदम स्पष्ट कळलं, हा आपण गिळला की आपण कबूल झालो. मग कायमचं असंच. दरवर्षी नवमीला यायचं, आपल्याच नावाचं पान जेवायचं, लुगडं घ्यायचं, आणि परत जाऊन आचलला सांगायचं, बाई, तुझी आई वारली, तू दुसरं काहीतरी पाहा.

"माय," ती म्हणाली, "मी तिच्या नावानं जेवतो. पण तिचं नाव घेऊन वाढ. कौशल्या म्हण."

माणिकबाईनं तोंडावर पदर दाबला. मान हलवली. नाही.

"मंग मले माह्या नावानं हाक मार. मले पाहून म्हण, रागिणी."

माणिकबाई तिच्याकडे पाहत राहिली. ओठ हलले. पण त्या घरात ते नाव आता मेलेलीचं झालं होतं. जित्या लेकीच्या तोंडावर ते कसं उच्चारावं? म्हातारीला धीर होईना.

पौर्णिमानं घास पानावर ठेवला आणि ती उठली.

"पानावरून उठू नको!" माणिकबाई किंचाळली. "बाई, पानावरून उठू नको, ती उपाशी जाईन!"

श्रावण दारातून म्हणाला, "जाऊ दे तिले. आता इथं तिचं कोणी नाई म्हणा."

तिनं हात धुतले. लुगड्याला हात लावला नाही. आईच्या पायांवर डोकं ठेवलं. माणिकबाईनं आशीर्वाद दिला नाही, पण पायही मागं घेतले नाहीत. गाडीपर्यंत पोचवायला कुणी नव्हतं. मारुतीच्या देवळाशी ती गाडीची वाट पाहत उभी राहिली, तर सारखं वाटत होतं, मागं कुणी तरी हातात लाह्यांची पुडी घेऊन उभं आहे. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मग रोज दिवेलागणीला फोन वाजू लागला. रागिणी श्रावण. ती उचलायची. पलीकडे माय काही बोलायची नाही. नुसता श्वास, आणि मागं श्रावणच्या घरातलं घड्याळ. पौर्णिमाही बोलायची नाही. थोड्या वेळानं फोन आपोआप बंद व्हायचा. किशोर म्हणाला, "ते नाव तरी बदल ना फोनातलं. माय लिही." तिनं हातात घेतला आणि तसाच ठेवला. एक तरी जागा असू दे, तिला वाटलं, जिथं ती भावजय अजून फोन करते.

आचल एकदा हळूच म्हणाली, "आई, राहू दे. मी पुढल्या वर्षी करीन."

"पुढल्या वर्षी बी मी मेलेलीच असीन," पौर्णिमा म्हणाली. "सुगत सरले फोन लाव."

तिनं अहवालातल्या चुकीची तक्रार टाकली. श्रावणला निरोप धाडला, सर्वपित्री अमावास्येपर्यंत वाट पाहते. उत्तर आलं नाही. घट बसल्यावर ती किशोरला घेऊन पोलिसांच्या सायबर शाखेत गेली. टेबलाशी रश्मी नावाची तरणी हवालदार होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हसली नाही.

"संशयिताचं नाव?"

"श्रावण नत्थुजी अढाऊ."

"तुमचे कोण?"

"भाऊ," पौर्णिमा म्हणाली. पाणी मागितलं, प्यायली, आणि पुढं सांगत गेली.

रश्मीनं लिहिलेलं वाचून दाखवलं. मग पेन थांबवून म्हणाली, "काकू, तुम्ही जिवंत आहात हे तर दिसतेच. पण मेली ती कोण, हे कागदावर कुठं आहे? दाखला रागिणीचा. कौशल्या नावाची कोणी मेल्याची नोंदच नाही. कागदावर ती अजून आहेच. तिचा जुना एखादा कागद आणा, जन्माचा नाही तर शाळेचा. कौशल्या आणि मेलेली रागिणी एकच, हे सिद्ध झालं की तुमचं नाव सुटेल."

बाहेर आल्यावर किशोर म्हणाला, "भाऊबीजेले आता हिवरखेड नाई म्हणजे."

"नाई."

घरी येऊन तिनं दिवा लावला. प्रार्थनेत आज अडखळली नाही. पण शेवटी हात जोडताना दोन नावं घेतली, आधी कौशल्येचं. फोन वाजला. तिनं उचलला, कानाला धरला, आणि पलीकडच्या श्वासाला म्हणाली, "माय, मी तक्रार केली." श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाला. फोन बंद मात्र झाला नाही. तिनंच तो शेवटी ठेवला.

उद्या पहिल्या गाडीनं अमरावती, तिथून नांदगाव खंडेश्वर. कौशल्येच्या शाळेतून तिचा दाखला काढून आणायचा.